कपाचं खातं माझ्याकडे

एक गोष्ट आधीच स्पष्ट करतो. आमच्या प्राप्तीला कपातून प्यायला मीच शिकवलं. आमच्या आळीत याबद्दल भलभलत्या बातम्या फिरतायत. शेजारचा बुधाजी म्हणतो, त्याच्या सल्ल्यामुळे झालं. मासळी घेऊन येणाऱ्या केसरवहिनी म्हणतात, त्यांच्या नवसामुळे झालं. आणि आमच्या सौभाग्यवती गोदूबाई तर चारचौघांत सांगतात, की "यांच्यामुळेच इतका उशीर झाला." लोक काय, बोलणारच. गाडी वेळेवर आली तर ड्रायव्हरचं कौतुक आणि उशिरा आली तर कंट्रोलरच्या नावाने शिमगा, हे मी श्रीवर्धनच्या आगारात नोकरीभर बघितलंय.

हो, मी एसटीत वाहतूक नियंत्रक होतो. रिटायर होऊन दिवेआगरला घरी बसलोय, पण आवाज अजून तसाच आहे. माइक हातात घेतला की अख्खा स्टँड गप्प व्हायचा. एकदा एक बाई चुकीच्या गाडीत बसली होती, ती नुसत्या माझ्या आवाजाच्या दराऱ्याने उतरली आणि बरोबर गाडीत जाऊन बसली. नंतर कळलं की तिची पहिलीच गाडी बरोबर होती, पण ते असो.

तर प्राप्ती म्हणजे माझी नात, वय महिने दहा. तिची आई, म्हणजे आमची सून कल्पिता, कित्येक वर्षं मुरूडच्या एका कचेरीत कंत्राटावर काम करत होती. दर वर्षी "यंदा कायम करतो" असं सांगायचे आणि दर वर्षी कंत्राटच वाढवायचे. शेवटी प्राप्तीचा पायगुण म्हणा, कायम नोकरीची ऑर्डर आली. एक तारखेला हजर व्हायचं, नाही झालं तर जागा पुढच्या उमेदवाराला. आता दिवेआगरहून मुरूड म्हणजे सकाळी रिक्षाने दिघी, तिथून माणसांबरोबर गाड्याही नेणाऱ्या बोटीने खाडी ओलांडून आगरदांडा, तिथून पुढे मुरूड. सकाळी निघालेली बाई दिवेलागणीला घरी. मुलगा धनेश उरणला कंटेनरच्या गाड्यांवर सुपरवायझर, तो रविवारी उगवतो. म्हणजे दिवसभर प्राप्तीजवळ मी आणि गोदू.

आणि प्राप्तीबाई आईशिवाय कुणाकडून काही पीत नव्हत्या. चमच्याने औषध पाजल्यापासून चमचा दिसला की ओठ शिवल्यासारखे मिटून घ्यायची. बाटली द्यायची नाही असं बोर्लीच्या डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं. "कपाने द्या," त्या म्हणाल्या, "आईचं दूध काढून ठेवा आणि लहान कपाने पाजा. या वयात मुलं बघून बघून शिकतात. तुम्ही तिच्यासमोर प्या, ती तुमचं बघून पिईल."

कल्पिताचा चेहरा एवढासा झाला. मी ताबडतोब म्हटलं, "कल्पिता, तू बिनधास्त जा. कपाचं खातं माझ्याकडे. एक तारखेला तू निघशील तेव्हा प्राप्ती इथे ओटीवर बसून कपाने दूध पीत असेल, आणि मी तुझी घोषणा करीन. दिवेआगर-दिघी-आगरदांडामार्गे मुरूडला जाणारी कल्पिता फलाटाला लागलेली आहे, प्रवाशांनी गर्दी करू नये!"

ती हसली. ऑर्डर आल्यापासून पहिल्यांदा हसली. त्यामुळे मला फारच बरं वाटलं, आणि माणसाला बरं वाटलं की त्याच्याकडून आणखी दोन-चार आश्वासनं जातात. "आठवड्यात शिकवतो," असंही मी म्हणालो. गोदूने आतून भांडं आपटलं. आमच्याकडे मतभेद असाच नोंदवला जातो.

पहिल्यांदा घरातला स्टीलचा छोटा पेला घेतला. प्राप्तीने तो तोंडात घातला, चावला, आणि दात नुकतेच आले असल्यामुळे त्याचा आवाज ऐकून खूश झाली. दिवसभर टुण् टुण्. शेवटी गोदू म्हणाली, "अहो, तिला दूध प्यायला शिकवताय की देवळातल्या घंटेवर बसवताय?"

मग मी आधुनिक मार्ग स्वीकारला. धनेशने मोबाइलवर एक खास कप शोधून मागवला. झाकण असलेला, कुठूनही तोंड लावलं तरी पिता येणारा, पण आपणहून न सांडणारा. सोबत चित्रात एक गोरंगोमटं बाळ हसत होतं. मी रोज ओटीवर बसून पार्सलची वाट बघू लागलो. एके दिवशी धनेशचा फोन आला, "बाबा, पार्सलवाला येऊन गेला. घरात कोणी नव्हतं असं लिहिलंय."

"अरे मी ओटीवर बसलोय! सकाळपासून! लघवीलासुद्धा उठलो नाही!"

दुसऱ्या दिवशी मी फाटकातच खुर्ची टाकली. पार्सलवाला आला. भला मुलगा होता, पण म्हणाला, "काका, ओटीपी सांगा." ओटीपी गेला होता धनेशच्या मोबाइलवर, आणि धनेश रात्रपाळी करून मोबाइल बंद करून झोपला होता. मी त्याला सांगितलं, "अरे, मी वाहतूक नियंत्रक होतो. मला ओळखत नाहीस?" तो म्हणाला, "काका, ओळखतो. पण मशीन ओळखत नाही." पार्सल माझ्या डोळ्यांसमोर आलं आणि डोळ्यांसमोर परत गेलं. माझ्या हद्दीतून गाडी प्रवासी न घेता गेल्याचं दुःख काय असतं ते खात्यातल्याच माणसाला कळेल.

अखेर तो कप आला. प्राप्तीने त्याच्या झाकणावर जीभ फिरवली, ओठ लावले, काही येईना. आधी नीट चालतोय का ते बघावं म्हणून मी स्वतः तोंडात धरून ओढू लागलो. जोरात ओढावं लागत होतं. गाल आत गेले, डोळे बाहेर आले, आणि नेमका त्याच वेळी बुधाजी फाटकातून आत आला. तो बराच वेळ बघत उभा राहिला.

"दत्ता," तो म्हणाला, "वहिनी जेवायला घालत नाहीत काय रे?"

मी खुलासा केला. पण त्या दिवसापासून बुधाजी मला भेटला की गाल आत ओढतो. माझ्यापेक्षा मोठा आहे म्हणून मी काही बोलत नाही.

बुधाजीने उपाय सुचवला, बोंडल्याचा. त्याच्या घरी माळ्यावर जुनं पितळी बोंडलं होतं. चोच असलेलं ते भांडं घासूनपुसून आणलं, तर डॉक्टरीणबाई म्हणाल्या की त्याच्या चोचीतली घाण कधी निघत नाही, ते नको, साधा उघडा कप द्या. बुधाजी रुसला. "आम्ही सगळे बोंडल्यावर वाढलो, आम्ही काय मेलो?" या प्रश्नाचं उत्तर दिसतच होतं, त्यामुळे मी दिलं नाही.

केसरवहिनींनी टोपली उतरवून सगळं ऐकलं आणि म्हणाल्या, "भाऊजी, पोरीला न्हाय, तुमाला शिकवाया व्हयं. तिच्याम्होरं बसा, तिला दावा कसं प्यायाचं त्ये. आमची पोरं अशीच शिकली. तवर मी देवीला नवस बोलतंय." डॉक्टरीणबाई आणि केसरवहिनी यांचं एकमत झालं म्हटल्यावर मी प्रात्यक्षिकाचा मार्ग धरला. शेवटी खरा शिक्षक कोण, जो करून दाखवतो तो.

रोज सकाळी आणि दुपारी, चहाच्या वेळी, ओटीवर मी पाटावर आणि समोर प्राप्ती सतरंजीवर. माझ्यापुढे माझा चहा, तिच्यापुढे तिचा बिनझाकणाचा छोटा कप, त्यात घोटभर पाणी. मी म्हणायचो, "प्राप्ती, बघ हं आजोबा कसे पितात." मग फुंकर मारायचो, डोळे मिटून मस्त फुर्र करून घोट घ्यायचो आणि "आ-हा-हा!" म्हणायचो. नाटक म्हणून नव्हे, गोदूच्या चहाला मी तसाही म्हणतो. प्राप्ती एकटक बघायची. अशी विद्यार्थिनी मी पाहिली नाही. पापणी लवायची नाही.

मग ती आपला कप दोन्ही हातांनी उचलायची, आणि मोठ्या निगुतीने पालथा करायची.

फेकायची नाही हं. फेकला असता तर मी समजू शकलो असतो, पोर आहे. ही मनगट वळवून, सावकाश, शेवटचा थेंब पडेपर्यंत ओतायची, आणि मग माझ्याकडे बघून हसायची. पहिल्या दिवशी सतरंजी भिजली. दुसऱ्या दिवशी माझा लेंगा, तोही अशा जागी की बुधाजीने विचारलं, "वयामुळे होतंय काय?" मग वर्तमानपत्र भिजलं, मोबाइल भिजला, तो तांदळाच्या डब्यात ठेवावा लागला, आणि धनेशचा फोन आला तेव्हा गोदू तांदळाशी बोलत बसली.

माझी पद्धत कमी पडतेय असं वाटून बुधाजी एकदा स्वतः शिकवायला बसला. श्रीवर्धनला लग्नाला निघाला होता, अंगात कडक इस्त्रीचा पांढरा सदरा. "तुला जमत नाही, बघ आता," म्हणाला. त्याने गोदूचा चहा घेतला, माझ्यापेक्षाही मोठ्याने फुर्र केलं. प्राप्तीने नीट बघितलं, कप उचलला, आणि त्या दिवशी नेमकं त्यात पाण्याऐवजी बीटाचं पाणी होतं. बुधाजी लग्नाला गेला तो माझा सदरा घालून. तो त्याला पोटावर बसत नव्हता, त्यामुळे जेवताना त्याचे हाल झाले म्हणे.

केसरवहिनीही बसून बघून गेल्या. त्यांनी तर ओतून, फुंकून, दोन फुर्र जास्त केले. त्यांच्या टोपलीतल्या बोंबलांवर पाणी पडलं. "पोरगी हाय का म्युनसिपाल्टीचा नळ?" त्या म्हणाल्या, पण नवस मागे घेतला नाही.

इथपर्यंत सगळं मी हसण्यावारी नेत होतो. पण मग पाण्याच्या जागी कल्पिताचं दूध आलं. ती पहाटे उठून वाटीभर दूध काढून ठेवायची. ते कपात घालून प्राप्तीला दिलं आणि प्राप्तीने ते फरशीवर ओतलं. कल्पिता उठली. फडकं आणलं आणि पुसायला बसली. तिची पाठ माझ्याकडे होती. मला त्या पाठीकडे बघवेना.

एक तारीख तोंडावर आली तेव्हा कल्पिता म्हणाली, "बाबा, एकदा ट्रायल घेऊ या. मी कागदपत्रं द्यायला मुरूडला जाऊन येते." मी म्हटलं, "जा. काळजी करू नको." आवाज फलाटावरचाच होता, खात्री तेवढी नव्हती.

ती गेली. प्राप्तीने सकाळचं दूध माझ्या मांडीवर ओतलं. अकराचं गोदूच्या पदरावर. भात-वरणाचे चार घास खाल्ले, पण प्यायला काही नाही. दुपारी रडायला लागली. साधं रडणं नव्हे, अख्ख्या आळीत दारं उघडली असं रडणं. घसा सुकलेला, ओठ सुकलेले, मी कप पुढे करतोय, ती ओततेय. शेवटी गोदू म्हणाली, "अहो, तुमचा हट्ट पुरे. तिला आईकडे न्या."

कल्पिताला फोन करून निघायला सांगितलं, रिक्षा केली, प्राप्तीला खांद्यावर टाकलं आणि दिघीची जेटी गाठली. तिथे लोक मला ओळखतात. "काय कंट्रोलरसाहेब, सुट्टीवर?" एक जण म्हणाला. माझ्या सदऱ्यावर दूध, लेंग्यावर दूध, कानाशी भोंगा. मी मान खाली घातली. पलीकडून बोट आली, कल्पिता गाड्यांच्या आधी धावत उतरली आणि तिथल्याच एका टपरीच्या मागे प्राप्तीला घेऊन बसली. क्षणात भोंगा बंद झाला. एवढी मोठी खाडी, पण तीसुद्धा आमचा भोंगा थांबल्यामुळेच शांत झाली असं वाटलं.

परत येताना रिक्षात कल्पिता म्हणाली, "बाबा, मी त्यांना नाही म्हणून कळवते. पुन्हा कधीतरी येईल ऑर्डर."

मला माहीत होतं, पुन्हा येत नसते. तिलाही माहीत होतं.  मला फार वाईट वाटलं, अगदी सरळ सांगतो, रडू आलं. रिक्षावाल्याने आरसा माझ्यावरून वळवला.

घरी आल्यावर गोदूने न विचारता चहा ठेवला. मी पाटावर बसलो. शिकवणी वगैरे काही नाही, नुसता चहा. समोर प्राप्ती होती, पोट भरल्यामुळे खुशीत, रिकामा कप घेऊन खेळत होती. तिच्यापुढे गोदूने खाऊचं ताट ठेवलं होतं. मी कप उचलला, चहा बशीत ओतला, फुंकर मारली.

प्राप्तीने आपला कप उचलला. मनगट वळवलं. सावकाश, शेवटच्या थेंबापर्यंत, नसलेलं पाणी ताटात ओतलं. मग खाली वाकली, ताटाला तोंड लावलं आणि म्हणाली, "फुर्र!"

आणि वर बघून, "आ-हा!"

दारात उभी असलेली कल्पिता हळूच म्हणाली, "बाबा, परत ओता."

मी उरलेला चहा बशीत ओतला. प्राप्तीनेही ओतला. मी फुर्र केलं. तिने ताटाला फुर्र केलं.

आम्ही सगळे बघत राहिलो. गोदूच्या हातात बशी होती. तिनेही नुकताच ओतला होता.

इतके दिवस पोरगी हट्टी नव्हती, वेंधळी नव्हती. आजोबांनी जे शिकवलं ते तिने पहिल्याच दिवशी तंतोतंत उचललं होतं. आधी कप पालथा करायचा, मग प्यायचं! फक्त तिच्यापुढे बशी नव्हती, माझा लेंगा होता. मी जन्मात कधी चहा कपातून प्यालो नव्हतो. बुधाजी नाही, केसरवहिनी नाहीत, गोदू नाही. आमच्या आळीत कप हे चहा बशीपर्यंत नेण्याचं वाहन आहे, त्यात कुणी बसून राहत नाही. आणि ते आम्हाला इतकं अंगवळणी पडलेलं, की चहा ओतणं म्हणजे आपण काही करतोय असं कुणाला वाटतच नव्हतं.

कल्पिता आधी हसली, मग खाली बसली आणि हसता हसता रडली. मी घसा साफ केला. "म्हणजे माझी शिकवण्याची पद्धत बरोबर होती," मी म्हणालो. "विद्यार्थिनीने शंभर टक्के मार्क मिळवले. फक्त विषय चुकला."

गोदूने भांडं आपटलं, पण या वेळी हसत.

"मग बशीच द्या की तिला," बुधाजी कुंपणावरून ओरडला. त्याने सगळं ऐकलं होतं. पण बशीतलं अर्धं नाकात जाईल आणि अर्धं अंगावर, असं कल्पिताचं म्हणणं पडलं. मग एकच मार्ग उरला. प्राप्ती बघून शिकते, तेव्हा तिच्या दृष्टीस बशी पडता कामा नये.

गोदूने घरातल्या सगळ्या बश्या धोतराच्या फडक्यात बांधून माळ्यावर टाकल्या. मी फाटकावर उभा राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला सूचना देऊ लागलो, "या घरात चहा कपातूनच प्यावा लागेल. सहकार्य करावे." बुधाजीने कपाला तोंड लावलं, पोळला, आणि म्हणाला, "हा पाहुणचार आहे की शिक्षा?" केसरवहिनी कपाकडे बघून कसनुशा झाल्या. "मुलगी बघाया आल्यावानी वाटतंय," त्या म्हणाल्या. पण प्याल्या. माझं काय सांगू? बशीत चहा लगेच निवतो. कपात तो दबा धरून बसतो. पहिल्या घोटाला माझी जीभ भाजली, दुसऱ्याला टाळू. डोळ्यांत पाणी, पण तोंडाने "आ-हा-हा!" सोडलं नाही.

प्राप्ती गोंधळली. माझा कप उचलला गेला की तिची नजर बशी शोधायची. मी मुद्दाम कप सावकाश तोंडाशी न्यायचो. तिने पहिल्यांदा ओतलं. मग अर्धं ओतलं आणि थांबली. मग एकदा, गोदू कढी ढवळत असताना, तिने कप उचलला, माझ्याकडे बघितलं, मी कप तोंडाला लावला, तिने लावला. घोट आत गेला. तिला ठसका लागला, ती चकित झाली. आणि तिने परत लावला.

मी ओरडलो नाही. वर्गात शिस्त असते. पण गोदूची कढी उतू गेली आणि त्याबद्दल ती मला अजिबात बोलली नाही.

तरी एक तारखेपर्यंत खात्री नव्हती. एखादा घोट घेणं वेगळं आणि आई समोरून निघून जात असताना कपभर पिणं वेगळं. त्या सकाळी अख्खी आळी आमच्या ओटीसमोर. रिक्षा फाटकात, कल्पिता नव्या साडीत, हातात डबा, पाय निघत नाहीत. प्राप्ती सतरंजीवर, तिच्यापुढे तिचा कप, त्यात आईने पहाटे काढून ठेवलेलं दूध. माझ्यापुढे गोदूने नुकताच गाळलेला चहा.

"चला, प्राप्तीबाई," मी म्हणालो.

तिने कप उचलला. मनगट जरा वळलं. बुधाजीने डोळे मिटले. केसरवहिनी देवीचं नाव घेऊ लागल्या. मनगट थांबलं. प्राप्तीने कप तोंडाला लावला, आणि फुर्र करून, एकेक घोट घेत, सगळं दूध पिऊन टाकलं. वर ओठांवर पांढरी मिशी. "आ-हा!"

कल्पिताने तोंडावर हात धरला. मी म्हटलं, "आता निघ पोरी. बोट चुकेल." ती रिक्षात बसली. प्राप्ती तिच्याकडे बघून रडणार तोच तिला काहीतरी आठवलं. तिने माझ्या कपाकडे बोट दाखवलं. आता आजोबांची पाळी.

चहा उकळता होता. वाफ दिसत होती. बशी माळ्यावर. अख्खी आळी बघतेय, सून बघतेय, आणि नातीची नजर माझ्या मनगटावर. या क्षणी मी फुंकत बसलो असतो, तर पोरीने आईच्या मागे टाहो फोडला असता. मी कप उचलला, तोंडाला लावला आणि एका दमात घोट घेतला.

रिक्षा सुरू झाली. कल्पिताने बाहेर डोकं काढलं. "बाबा, घोषणा राहिली!"

मी उभा राहिलो, छाती भरून घेतली, तोंड उघडलं. नोकरीभर माइकवर गाजलेल्या त्या तोंडातून नुसती वाफ आली. जीभ हलेना. मी दोन्ही हात हलवत राहिलो आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते चहाचं किती आणि कशाचं किती ते मी सांगणार नाही.

तेव्हा सतरंजीवरून, रिकामा कप माइकसारखा तोंडासमोर धरून, माझ्या नातीने खणखणीत आवाजात आरोळी ठोकली, "गाआआआ!"

अख्खी आळी गप्प झाली. रिक्षा वळणावरून दिघीच्या रस्त्याला लागली.

गाडी वेळेवर सुटली.